सबटायटलमध्ये राहिलेली हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या सदरातले अनुभव मी वाचते ते शंका काढण्यासाठी. दार आपोआप उघडलं म्हणे... मग बिजागरी पाहिली होती का? असा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहितानाही प्रत्येक ओळीवर माझ्याच शंका काढून झाल्या आहेत. तुम्ही नवीन काढलीत तर आनंदच आहे.

मी विरार पूर्वेला फुलपाड्यात राहते. वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब सांभाळते आणि एका स्थानिक साप्ताहिकात ओटीटीवर आलेल्या नव्या सिनेमा-मालिकांबद्दल लिहिते. काय पाहावं, काय टाळावं, मुलांसमोर काय लावू नये — एवढंच. कामाची शिस्त मात्र कडक. काय कधी येणार याची यादी भिंतीवर, पाहताना सबटायटल कायम चालू — गाणं वाजायला लागलं की संवाद ऐकू येत नाहीत म्हणून — आणि शेवट पाहिल्याशिवाय एक शब्द लिहायचा नाही. हल्ली काही कंपन्या रिलीजच्या आधी लिंकही पाठवतात. त्यात पूर्ण चित्रावर आपला ईमेल पुसट उमटलेला असतो, म्हणजे कोणी चोरून बाहेर काढायला नको.

शनिवारी दुपारी टॅबलेट घेऊन मी अर्नाळ्याला सासूबाईंकडे जाते. त्यांचं घर किनाऱ्याला लागून आहे. काचबिंदूने दृष्टी गेली; उजेड-अंधार तेवढा कळतो. मी चित्र सांगायचं, त्यांनी आवाज ऐकायचे. माझ्या लेखाच्या शेवटी 'सासूबाईंचा शेरा' असतो आणि मला ठाऊक आहे, बरेच जण आधी तोच वाचतात.

त्यांचे कान म्हणजे काय सांगू! एकदा एका मारामारीच्या सिनेमात त्या मध्येच म्हणाल्या, "हा पाऊस मागच्या पिक्चरातलाच हाय."

"पाऊस सगळा सारखाच असतो, आई."

"तुझ्या माहेरी, नगरला असंल. पत्र्यावर पडतो तो वेगळा, पानावर पडतो तो वेगळा. ह्यो पत्र्यावरचा हाय आनि तू जंगल सांगतेस."

तपासलं. जंगलच होतं, आणि पत्रा कुठेच नव्हता.

आता घरातला तेव्हाचा प्रश्न सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. सासूबाई उंबऱ्यात अडखळून पडल्या होत्या. मार फारसा नव्हता, पण माझ्या नवऱ्याने — नितीनने — ठरवलं की आता आईला फुलपाड्याला आणायचं आणि अर्नाळ्याच्या घराला कुलूप लावायचं. सासूबाईंना ते नको होतं. फ्लॅटमध्ये त्यांना दिशा कळत नाही. अर्नाळ्याला लाटांचा आवाज कुठून येतो त्यावरून त्या घरभर फिरतात, चूल पेटवतात, शेजारणीशी भांडतात. नितीन तपासणीला घेऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "आजी, कोणी नसताना आवाज वगैरे ऐकू येतात का?" तेव्हा त्या नाही म्हणाल्या होत्या. नितीन मला म्हणाला, "आज नाही म्हणाली. ज्या दिवशी हो म्हणेल, त्या दिवशी मी विचारत बसणार नाही... सामान बांधणार."

त्यानंतरच्याच शनिवारची गोष्ट.

एका नव्या मालिकेची लिंक आली होती. मूळ दुसऱ्या भाषेतली, मराठीत डब केलेली. डोंगरातलं गाव, चहाचे मळे, एक बेपत्ता शिक्षक. समुद्राचा दूरदूरपर्यंत संबंध नाही. जेवणं उरकून आम्ही ओटीवर बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन. मालिकेत मात्र धुकं होतं. एक माणूस पायवाटेने खाली उतरतोय, संवाद नाही, नुसता वारा.

"आता धुकं आहे आई, काही दिसत नाही," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझा हात धरला. "थांबव. मागं घे."

मी मागे घेतलं. वारा, पावलं... आणि खूप लांबून एका बाईची हाक. गाणं नव्हे, रडणंही नव्हे. कोणी कामासाठी, घसा सांभाळून, पुन्हा पुन्हा हाक मारावी तशी.

"दामूऽऽ... उजवीला घेऽऽ..."

स्क्रीनवर खाली सबटायटल आलं: [दूरवरून स्त्रीची हाक].

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बेपत्ता माणसाची मालिका, कोणी हाक मारणारच. मी म्हटलं, "शिक्षकाचं नाव दामू दिसतंय."

सासूबाई हळू बोलल्या. "वंदना, आवाज आमच्या आयेचा हाय. दामू माझा भाऊस."

दामूमामा लहान वयात समुद्रात गेले, एवढंच मला लग्नानंतर कळलं होतं. कसे, ते कोणी बोलत नसे. त्या दुपारी सासूबाईंनी सांगितलं. त्यांच्या माहेरी रीत होती — थंडीत पहाटे धुकं पडलं आणि होडी बाहेर असली, की घरातल्या बाईने खाडीच्या तोंडाशी जाऊन हाक मारायची. धुक्यात दिवा पोचत नाही, आवाज पोचतो. डावीकडे खडक, म्हणून 'उजवीला घे'. होडीतल्याने "आलो" म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर आलं की हाक थांबवून बाईने घरी जायचं, चूल पेटवायची. आणि एक नियम कडक — त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी उत्तर द्यायचं नाही. चुकून कोणी दिलं, बाई घरी गेली, तर होडीला दिशा उरत नाही.

"दामू एकटाच गेलेला, जाळं बघायला. उत्तर नाय आलं. आये दुसऱ्या दिवशी परत गेली. मग धुकं असो नसो, जातच ऱ्हायली. शेवटपर्यंत. घसा बसला तरी." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. "परत लाव."

मी परत लावलं. हाक होतीच. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा होती. मी कान टॅबलेटला लावला, मग टॅबलेट बंद करून बाहेर डोकावून आले — शेजारच्या घरातून येत नाही ना? बाहेर वाळत घातलेले बोंबील आणि एक झोपलेलं कुत्रं. आवाज टॅबलेटमधूनच येत होता, आणि त्याच जागी येत होता.

आत येऊन पुन्हा लावलं, हाक सुरू झाली तशा सासूबाई उठल्या. दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या, तोंड टॅबलेटकडे नाही... बाहेर, समुद्राकडे. आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या की कुत्रं उठून पळालं.

"आलो गं आयेऽऽ... आलोऽऽ..."

आले नाही, आलो.

मग परत येऊन बसल्या, पाणी मागितलं. मी देताना म्हटलं, "आई, उत्तर द्यायचं नसतं ना दुसऱ्याने?"

"आता होडी कुठं हाय चुकायला?" त्या म्हणाल्या. "तवा लई येळा उत्तर तोंडात आलेलं. दिलं नाय."

मी तो प्रसंग पुन्हा लावला. वारा. पावलं. बस. आणखी मागून लावला, पूर्ण भाग पहिल्यापासून लावला. हाक नव्हती. फक्त खाली ती ओळ येऊन गेली — [दूरवरून स्त्रीची हाक] — आणि वर नुसता वारा.

खरं सांगते, भीती नाही वाटली. चीड आली. इतका वेळ होतं ते आता का नाही? इंटरनेट, लिंक, टॅबलेट... सगळं बंद-चालू करून पाहिलं.

माझी चूक इथेच झाली. मी नितीनला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, मीही ऐकलंय म्हटल्यावर प्रश्न मिटेल. तो दुसऱ्याच दिवशी आला. भाग लावायला सांगितला. लावला. त्याने ओळ वाचली, वारा ऐकला, आणि टॅबलेट उलटा ठेवला.

"आई, तुला हाक ऐकू आली?"

"आली."

"आत्ता?"

"आत्ता कशी येनार? मी उत्तर दिलं ना काल."

नितीन माझ्याकडे वळला. "वंदना, तू तिची बाजू घेतेस ते मला कळतं. पण असल्या गोष्टीत नको."

"मी ऐकलंय. ही ओळ काय मी लिहिली?"

"सबटायटलवाल्यांची चूक. तूच दर आठवड्याला त्यांच्या चुका काढतेस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पुढच्या रविवारी टेम्पो सांगतो."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मला येडी ठरवून ने, पन माझ्या मसाल्याच्या पाट्याला हात लावू नको. त्यो जड हाय, तुज्या टेम्पोवाल्याच्या पायावर पडंल."

नितीनने टेम्पोवाल्याला फोन लावलाच.

माझ्या हाताशी एक आठवडा होता. लिंक पाठवणाऱ्या बाईंना मी मेल केला — अमुक भागात अमुक ठिकाणी सबटायटल आहे पण आवाज नाही. त्यांचं उत्तर लगेच आलं: साऊंडवाल्यांना विचारलं, तिथे हाक कधीच नव्हती, वारासुद्धा स्टुडिओत तयार केलेला आहे, ओळ चुकीची आहे, रिलीजच्या आधी काढून टाकू, कळवल्याबद्दल आभार. काढलीही. तुम्ही ती मालिका आज पाहिलीत तर ती ओळ सापडणार नाही.

मी पुन्हा लिहिलं, की ओळ लिहिणाऱ्या व्यक्तीशी बोलता येईल का. त्या जरा आढेवेढे घेऊन हो म्हणाल्या. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, तेव्हा नितीन समोर चहा घेत होता. मी स्पीकर लावला आणि त्याला हाताने 'गप्प बस' सांगितलं. मुलगी नागपूरची होती, घरून हे काम करणारी. मी तिला फक्त एवढंच विचारलं की ती ओळ का लिहिली.

"मॅडम, ओरडू नका हं, आधीच त्यावरून बोलणी खाल्ली मी," ती म्हणाली. "पण आवाज होता. मी ऐकल्याशिवाय लिहीत नाही जी."

"काय ऐकलंत?"

"बाई हाक मारत होती. आधी मी शब्दच लिहिले होते. मग वाटलं, दामू नावाचं तर कोणी पात्रच नाही या मालिकेत, बघणारे गोंधळतील. म्हणून नुसतं 'स्त्रीची हाक' केलं."

नितीनचा कप बशीवर वाजला. तो पुढे झुकून थेट फोनशी बोलला. "दामूच म्हणाली? नक्की?"

"हो सर. दामू, आणि मग उजवीकडे घे असं काहीतरी." ती थांबली. "मी पुढचं खूपदा ऐकलं, कारण कोणी उत्तर देत असेल तर तेही लिहावं लागतं ना. पण नव्हतं उत्तर. मला तर वाईटच वाटलं, एवढी ओरडतेय बिचारी... नंतर त्यांनी मलाच फाईल लावून दाखवली, तर काहीच नाही. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

"नाही फिरलं," नितीन म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने कप बाजूला सारला. मग मला विचारलं, "तू तिला नाव सांगितलं होतंस?" मी मेल उघडून त्याच्यासमोर ठेवले. नाव कुठेच नव्हतं. त्याने टेम्पोवाल्याला फोन लावला आणि रविवारचं रद्द केलं. रविवारी आम्ही अर्नाळ्याला गेलो ते सुतार घेऊन. उंबरा उतरवला, दारापासून मोरीपर्यंत भिंतीला धरायला लाकडी दांडा बसवला. सासूबाईंनी दांड्यावरून हात फिरवत सुताराला ऐकवलं, की इथे घासला नाहीस, काटा लागतोय.

निघताना नितीन त्यांच्याजवळ बसला. "आई, तू मला कधी सांगितलं नाहीस... आजी रोज जायची ते."

"तू कदी विचारलंस?"

आता शंका. लाटांच्या आवाजाने भास? मग नागपूरला कोणत्या लाटा? सासूबाईंनी आधी नाव घेतलं म्हणून मला ते ऐकू आलं? नाही, मी शब्द आधी ऐकले, ओळख त्यांनी नंतर सांगितली. कोणी मुद्दाम केलं? सासूबाईंच्या आईचा आवाज कोणी कधी टेप केलेला नाही. त्या घरात तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता. तिघींना एकच गोष्ट ऐकू आली, आणि त्यातल्या एकीला आम्ही दोघी ओळखतही नव्हतो. मी सगळं मांडून पाहिलं, प्रत्येक उत्तरात काही ना काही उरतं.

शेवटी मी सासूबाईंनाच विचारलं. भेंडी चिरत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "आवाज आयेचा होता. ती माझ्यापाशी का आली ते मला ठाव हाय. तुज्या डब्यात कशी शिरली, ते शोधायचं काम तुजं."

काम माझंच, हे खरं. पण अजून जमलेलं नाही.