‘नाही’ दाबणारे मामा

कृष्णाकाठच्या साऱ्या गावांच्या वाट्याला देवाने जेवढी म्हणून भीती दिली होती, ती सगळी एकट्या आमच्या मामेसासऱ्यांनी उचलली असावी. त्याशिवाय का बाकीचे लोक इतक्या बिनधास्त मोटारसायकली हाणतात? मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, राहणार इस्लामपूरजवळच्या गावात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी झाली, पण उसाची ट्रॉली अंगावर येईल म्हणून ते कधी खिडकीबाहेर आले नाहीत. वीज चमकली की घरातला आरसा झाकायचा. लग्नाच्या मांडवात खांबापासून लांब बसायचं. लिफ्ट दिसली की जिना शोधायचा आणि जिना अरुंद असला तर, “मी हितंच बसतो, तुमी या जाऊन.” मामी अगदी उलट. दारात साप निघाला तर काठीनं बाजूला सारून “जा बाबा तुझ्या वाटंनं” म्हणणारी बाई! मामांच्या हरएक भीतीवर तिचं एकच औषध ठरलेलं: “आवं, भिऊ नगासा, मी हाय.” एवढं ऐकलं की मामा शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि कामाला लागायचे.

अशा माणसाच्या हातात मोबाइल आला. आता काय सांगू! चार्जिंगला लावला की त्याचा स्फोट होणार, म्हणून शेजारी पाण्यानं भरलेली बादली. झोपताना फोन पालथा, कारण “त्यो बगतोय”. पडद्यावर काहीही विचारलेलं असो, मामांचं उत्तर तयार. अपडेट करायचं? नाही. परवानगी द्यायची? नाही. मधूनच एक प्रश्न यायचा, ‘कोणीतरी तुमच्या खात्यात प्रवेश करत आहे. हे तुम्हीच आहात का?’ तिथं तर मामा अंगठा दुखेपर्यंत ‘नाही’ दाबायचे. “मी तर हितं बसलोय, मग तिकडं मी कसा असंन?”

पण खरी भीती पुढंच होती. फोनमध्ये अनोळखी नावं आपोआप उगवतात, असं मामा सांगू लागले. मी कराडला राहते, त्यामुळे तक्रार फोनवरच यायची. “सूनबाई, ह्यो पप्या ट्रॅक्टर कोन हाय? मी न्हाई घातला. आपला आपन आलाय.” दोन दिवसांनी ‘सुरेखा भिशी’ आली, मग ‘जयवंत म्हैस’. कोणीतरी फोनात शिरून बसलंय, अशी मामांची खात्री. ते प्रत्येक नाव नंबरासकट माझ्याकडे चौकशीला पाठवायचे आणि मी “बघते हं, मामा” म्हणून कणीक मळायला जायची.

मग एका सकाळी मामी चुलीपुढे कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. हातपाय हळूहळू थोडे वळायला लागले, शब्द मात्र फुटेना. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी एक ॲप सांगितलं. त्यात चित्रं असतात, चित्र दाबलं की फोन बोलतो. आयुष्यभर ‘नाही’ दाबलेला माणूस बायकोपायी, फोन घेतला होता त्याच स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडे गेला, रोख पैसे दिले आणि म्हणाला, “घाला त्यात ते बोलायचं.” दुकानदारानं आपल्या कार्डावरून ते विकत घेऊन दिलं. चित्रांना आवाज आपला भरायचा होता आणि घरात दुसरं होतं कोण? झालं! मामी मामांच्या आवाजात बोलायला लागली. मामांचाच कापरा आवाज मामांना हुकूम सोडायचा, “च्या टाका.” “दार लावा, मांजर येतंय.” आणि मामा निमूट उठायचे. तरी मामीचं समाधान होईना. ती डाव्या हातानं मामांच्या छातीवर थापट्या मारी, मग स्वतःच्या. दोन दिवसांनी मामांच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यांनी फोन तोंडाशी धरून भरलं, “आवं, भिऊ नगासा, मी हाय.” याला चित्र कशाचं द्यायचं? मामीनं चार्जिंगजवळच्या बादलीकडे बोट दाखवलं. हसली असणार, नक्की.

त्याच बादलीत फोन पडला. चार्जरची वायर पायात अडकली, एवढंच निमित्त. मामांनी स्फोटाची इतकी तयारी ठेवली होती, पण पाण्याची भीती बाळगायची तेवढी राहून गेली होती.

फोन कायमचा गेला. नवा आणला, तर त्यात ॲपच नाही! दुकानात, म्हणजे फोनमधल्या ॲपच्या दुकानात, नाव घालून शोधलं. भलतीच दहा निघाली, ते नाही. मी बनवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं की आता ते विक्रीला नाही, पण ज्या खात्यावरून घेतलं होतं ते नव्या फोनमध्ये उघडलं की खरेदीच्या यादीत सापडेल आणि तुमचे आवाजही त्यातच जपलेले आहेत. आता खातं कुठलं? मामा म्हणाले, “खातं तर बँकेत हाय.”

इकडे मामीनं खुणा करणंसुद्धा सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी गेले तेव्हा मामा ओट्यावर बसले होते, डोळे सुजलेले. “सूनबाई, ही न्हाई बोलली तर मी कुनाच्या जिवावर भिऊ?” म्हणाले. मला हसू आलं नाही. पहिल्यांदाच त्यांची भीती मलाही लागली.

मोबाइलवाल्यानं दुकान बंद करून शिरवळच्या कंपनीत नोकरी धरली होती. विचारत विचारत त्याला गाठला. तो म्हणाला, “ताई, ईमेल सांगतो, पन पासवर्ड कवाच इसरलो. आनि एवढ्या गिऱ्हाइकांना कुठं येगयेगळी खाती काढत बसू? सगळ्यांना एकच घालायचो.”

म्हणजे मामा खरं सांगत होते! पप्या ट्रॅक्टर, सुरेखा भिशी, जयवंत म्हैस, सगळे खरोखरच मामांच्या फोनात राहत होते. आणि मामा त्यांच्या.

नव्या फोनमध्ये ईमेल घातलं, पासवर्ड विसरलो म्हणून सांगितलं. फोन म्हणाला, याच खात्याच्या दुसऱ्या फोनवर प्रश्न पाठवलाय, तिथं ‘होय’ दाबा. आम्ही वाट बघत बसलो. थोड्या वेळात उत्तर आलं: नाकारलं. पुन्हा पाठवला. पुन्हा नाकारलं. खाली बारीक अक्षरांत ताकीद, की असंच झालं तर खातं बंद होईल. सगळ्या तालुक्यात मामांसारखीच माणसं भरलीत की काय, असं वाटलं मला. तेव्हा कुठे आठवलं, की चौकशीला आलेले ते सगळे नंबर माझ्याकडेच पडून आहेत.

पप्या ट्रॅक्टरनं लगेच फोन उचलला. “ताई, तुमी ‘सूनबाई कराड’ का? आवं, तुमच्या नावापायी माझं लगीन मोडता मोडता ऱ्हायलं! व्हनारी बायको म्हनती, ही सूनबाई कोन?” मी सगळं सांगितलं. “ताई, राग मानू नका. पन असं गोड बोलूनच लोक फशिवत्यात. मी बगितल्याबिगर दाबनार न्हाई.”

आला मात्र. ट्रॅक्टर घेऊनच आला. थोराड अंगाचा, मिशीवाला, आणि फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. मामीच्या खाटेजवळच मामा त्याच्यासमोर हात जोडून उभे. मी प्रश्न पाठवला, त्याच्या पडद्यावर उजळला: हे तुम्हीच आहात का?

“मामा, खरं सांगा,” पप्या म्हणाला, “माझ्या जागी तुमी असता, तर दाबलं असतं?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. एकदा ‘व्हय’ म्हणाले असते तर काम झालं असतं. पण मामा कसले! मान खाली घालून म्हणाले, “न्हाई बाबा.”

पप्यानं फोन आणखी घट्ट धरला. प्रश्न पडद्यावर थोडाच वेळ टिकतो, मी घायकुतीला आले. आणि खाटेवरून मामी सरकली. कधी सरकली कळलंच नाही. तिनं डावा हात लांब केला, पप्यानं पोटाशी धरलेल्या फोनवर नेला आणि बोटानं ‘होय’ दाबलं!

“आयो!” दोघेही पुरुष एकदम ओरडले. मामांनी तर डोळे मिटून घेतले, स्फोट होणार म्हणून.

काही झालं नाही. खातं उघडलं. खरेदीच्या यादीत भलभलती नावं होती आणि त्यांच्या तळाशी आमचं ॲप. उतरवून घेतलं, चित्रं एकेक करून आली. चहाचा कप, मांजर, दार. मामीनं सगळी बघितली आणि बादली दाबली. पप्या तोंड फिरवून मिशी पुसत राहिला. पुढे त्याच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. मामा खांबापासून लांब बसले.

परवा मिरजेला मामीच्या डोक्याचा मोठा फोटो काढायचा होता, त्या नळीसारख्या मशिनीत घालून काढतात तो. दारातच तिथल्या माणसानं फोन काढून माझ्या हातात दिला, आत नेता येत नाही म्हणाला. मामी मशीन बघून थबकली. सापाला वाट दाखवणारी बाई लटलट कापायला लागली. तिनं मामांची बाही धरली आणि त्यांच्या तळहातावर बोट फिरवायला लागली. बादली शोधत होती. मामांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, हे आता म्हणतात, मी हितंच बसतो. पण ते वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, “आवं, भिऊ नगासा, मी हाय.” आयुष्यात पहिल्यांदा बायकोला अहोजाहो! मामीनं बाही सोडली.

दार लागलं. मामा बाहेर येऊन माझ्याजवळ बाकावर बसले. आतून मशिनीचा धडधड आवाज सुरू झाला.

“सूनबाई,” बारीक आवाजात म्हणाले, “फोन हाय न्हवं? बादली दाबा जरा.”

मी दाबली. मामांनी डोळे मिटून स्वतःचाच आवाज ऐकला, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.