फळी पुसलेली होती

या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि बहुतेक वेळा मनात म्हणतो, झोप झाली नसेल बिचाऱ्याची. आमच्या घरात भुताखेताला, अंगात येण्याला कधी जागाच नव्हती. आई हिंगोली जिल्ह्यात अंगणवाडीत मदतनीस आहे. कोणी दारात उतारा टाकला तर त्यातलं लिंबू धुऊन ती सरबत करायची. अशा बाईचा मुलगा मी, म्हणून हे लिहिताना जरा लाज वाटते... पण वर्ष झालं, डोक्यातून जात नाही. नावं बदलली आहेत.

मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या पूर्व टोकाच्या एका लहान गावात शिकतो. घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. गावाच्या वर डोंगरात एक स्की रिसॉर्ट आहे, तिथे हिवाळ्यात पार्ट-टाइम काम करतो आणि तिथल्याच स्टाफच्या खोल्यांत राहतो. स्की मला अजूनही येत नाही. माझं काम बर्फ मोजायचं.

डोंगराच्या मध्यावर, उंच स्प्रूसच्या झाडांनी वेढलेल्या मोकळ्या जागेत एक पांढरी फळी आहे आणि तिच्यावर सेंटिमीटरची उभी पट्टी. रोज सकाळी सातला जाऊन रात्रीत किती पडलं ते वाचायचं. मूठभर हातात घेऊन दाबायचं — गोळा होतो, की पिठासारखं सुटतं, की वर पापडी धरलीय. ते रेडिओवर खाली कळवायचं आणि मग फळी झाडूने स्वच्छ पुसायची. पुसली नाही तर दोन दिवसांचं बर्फ एकात मिसळतं, आणि लोक चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून डोंगरावर जातात.

फळीसमोर कॅमेरा आहे. दर पाच मिनिटांनी एक फोटो रिसॉर्टच्या वेबसाइटवर जातो आणि आधीचा पुसला जातो. आमचे सकाळचे सात म्हणजे आईचे संध्याकाळचे साडेसात. बुद्धवंदना आटोपून ती मोबाइल घेऊन बसायची. फळी पुसली की मी उजवा हात वर करून कॅमेऱ्याला जय भीम करायचो आणि फोटो निघेपर्यंत तसाच उभा राहायचो. मग तिचा मेसेज यायचा — "दिसलास." तेवढीच आमची रोजची भेट.

फेब्रुवारीची गोष्ट. सलग तीन दिवस बर्फ पडत होतं आणि चौथ्या दिवशी सकाळी माझी मिडटर्म होती. आधीच्या सेमिस्टरला एक विषय गेला होता, म्हणून मी घाबरलेला. माझा रूममेट सुशांत वाशिमचा, रिसॉर्टच्या किचनमध्ये भांडी घासायचा. त्याला म्हटलं, "उद्या माझ्याऐवजी फळीवर जातोस का?"

"अबे, मले काय समजते त्यातलं? पांढरं हाय, गार हाय, एवढंच सांगीन मी."

"पट्टी वाचायची, झाडू मारायचा. बस्स."

"अन् तुह्या आईले हात कोन दाखवन? मी दाखवला तं म्हनन, कॅनडात जाऊन पोरगं लय जाडं झालं."

आम्ही हसलो. मग मी त्याला एक सल्ला दिला. "मोकळ्यातून वारा फार लागतो. झाडाझाडांनी जा. अगदीच सहन झालं नाही तर झाडाखाली थांब."

आमच्याकडे ऊन लागलं, पाऊस आला, की माणूस झाडाखाली जातो. माझ्या तोंडून ते सहज गेलं. खरं तर ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की स्प्रूसच्या पसरट फांद्यांमुळे बुंध्याजवळ बर्फ कमी पडतं, तिथे खोल पोकळी राहते आणि वरून ती दिसत नाही. माणूस पाय टाकतो आणि डोक्यावर उलटा आत जातो, वरून फांद्यांवरचं बर्फ कोसळतं. मी मान डोलावली होती, कागदावर सही केली होती. समजलं मात्र नव्हतं.

सकाळी मी स्टाफ रूममध्ये नोट्स वाचत होतो. सव्वासातला आमची सुपरवायझर हेदर रेडिओ हातात घेऊन आत आली आणि मला बघून जागीच थांबली.

"तू इथे?" ती इंग्रजीत म्हणाली. "कधीपासून तुला रेडिओवर बोलावतेय. मग वर कोण आहे?"

"सुशांत," मी म्हटलं. सुशांतला बर्फ दाबायच्या मशीनच्या ड्रायव्हरने पावणेसातला वरच्या रस्त्यावर सोडलं होतं. त्यानंतर काहीच नाही.

आम्ही स्नोमोबाइलवर निघालो. मी हाताला लागला तो राखाडी कोट चढवला होता. ड्यूटीचं लाल जॅकेट सुशांतला द्यायला विसरलो होतो, ते खोलीत दाराच्या मागे तसंच लटकत होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी हे शंभरदा आठवून पडताळलंय.

रस्त्यापासून फळी शंभर-दीडशे पावलांवर. सगळीकडे बर्फ नुसतं ओतत होतं. सुशांतच्या पावलांची एकही खूण राहिली नव्हती. हेदर एका बाजूने गेली, मी दुसऱ्या. लांब काठी प्रत्येक झाडाच्या मुळाशी खुपसत, हाका मारत. बर्फात आवाज कसा मरतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही... तोंडातून निघतो आणि जागेवरच पडतो. वीसेक झाडं होती. एका झाडाला काठी चार ठिकाणी मारायची, मग कमरेइतक्या बर्फातून पुढच्यापर्यंत ओढत जायचं. मी हिशोब करत होतो — आत किती हवा असेल, त्याला पडून किती वेळ झाला असेल — आणि हिशोब जमत नव्हता. त्याच्या आईला कोणत्या शब्दांत सांगायचं, इथपर्यंत मन गेलं होतं. मी रडत होतो, आणि अश्रू पापण्यांवर गोठून डोळे उघडेनात.

तेव्हा खिशातला फोन वाजला. आई.

मी कट केला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलून ओरडलो, "आई, आता नको! सुशांत हरवलाय!"

"आरे पण तू काय करायलास तिथं?" तिचा आवाज घाबरलेला होता. "तीन फोटो झाले, तसाच उभा. आज जय भीम बी केला नाहीस. नुसता झाडाकडं हात करून उभायस. बरं वाटंना का तुला?"

"मी फळीवर नाही, आई."

"लाल जाकिट घातलंस की. आपल्या लेकराला वळखत नाही का मी?"

मला काय झालं सांगता येत नाही. विश्वास बसला नाही, एवढं नक्की. पण हातात दुसरं काहीच नव्हतं. मी विचारलं, "कोणत्या झाडाकडे?"

"डावीकडं."

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"आता मी काय सांगू बाई... थांब. पट्टीवर आकडे कोणत्या बाजूला लिवलेत? त्याच बाजूला. दोन शेंड्याचं झाड हाय बघ. दोन शेंड्याचं!"

त्या झाडाजवळून मी दहा मिनिटांपूर्वी गेलो होतो. फांद्या जागेवर, वरचं बर्फ सपाट, कुणाचा पाय लागल्यासारखं काही नाही. मी हेदरला हाक मारली आणि हातांनीच उकरायला लागलो. ती फावडं घेऊन धावत आली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. हात-दीड हात खाली बुटाचा तळ लागला.

तो उलटा होता, डोकं खाली. पडताना एक हात चेहऱ्यापुढे आडवा आला होता, तेवढ्या जागेतल्या हवेवर तग धरून होता. बाहेर ओढला तेव्हा ओठ निळे-काळे होते. हेदरने त्याच्या तोंडातलं बर्फ काढलं, श्वास दिला. एकदा. दोनदा. मी त्याचा बूट धरून बसलो होतो आणि "सुशांत, ऊठ, ऊठ ना बे" एवढंच म्हणत होतो. मग तो खोकला. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही, आणि पुन्हा ऐकायला मिळाला तर नाही म्हणणार नाही.

त्याला रिसॉर्टच्या बचाव पथकाची माणसं खाली घेऊन गेल्यावर माझी नजर पहिल्यांदा फळीकडे गेली. आजूबाजूला मांडीइतकं ताजं बर्फ. फळी मात्र कोरडी, पांढरी, पुसलेली... नुकतीच पुसल्यासारखी. तिच्यापर्यंत जाणारी पावलं नव्हती, माझीही नाही आणि हेदरचीही नाही. झाडू खुंटीला टांगलेला होता आणि त्यावर बोटभर बर्फ साचलेलं. हेदरने फळीवरून हात फिरवून बघितला. मग म्हणाली, "वाऱ्याने उडालं असेल." त्या वेळी वारा नव्हता, हे तिलाही माहीत होतं.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. शिफ्ट मीच न विचारता बदलली आणि झाडाखाली थांब असंही मीच सांगितलं. तिने मला कामावर ठेवलं, पण तेव्हापासून फळीवर दोघांनी जायचा नियम झाला. फोटोबद्दल ती म्हणाली, तुझ्या आईच्या फोनवर जुना फोटो अडकला असेल. मीही तेच धरून बसलो होतो. पण जुन्या प्रत्येक फोटोत माझा हात वर आहे. झाडाकडे हात केलेला फोटो येणार कुठून? आईला स्क्रीनशॉट घेता येत नाही, आणि वेबसाइटवर जुनं काही राहत नाही.

खांद्याचं हाड मोडलं होतं, म्हणून सुशांत दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. मी त्याची माफी मागायला गेलो. तो म्हणाला, "तू सांगतलं म्हनून नाही रे गेलो. वारा लागला, झाड दिसलं, गेलो. तू नसतं सांगतलं तरी गेलोच असतो." मग म्हणाला, "पन बावा, एक सांग. तू वर झाडू मारत होता, तं मले अगोदर काहून नाही काढलं? मी आतून आयकत होतो ना. खर्र, खर्र... लय वेळ. तो आवाज होता म्हनून तं मी जागा राह्यलो."

मी त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. काय सांगू? मी त्या वेळी खाली खुर्चीत बसून नोट्स वाचत होतो.

कोणाला याचं साधं, सरळ स्पष्टीकरण सुचलं तर खरंच लिहा. मला ते हवंय. मी अजूनही अशा गोष्टी मानत नाही, आईही मानत नाही. फक्त आता ती "दिसलास" असं लिहीत नाही. मी फळी पुसतो, हात वर करतो, पाच मिनिटांनी तिचा मेसेज येतो — "तूच ना?"

"मीच," मी लिहितो. आणि तेवढा एक शब्द पाठवताना, रोज, माझा अंगठा क्षणभर थांबतो.