केबिन हलली, पण...

सोसायटीत राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगला तर वॉचमनची एक पत्र्याची केबिन पुरली!

*

केबिन अगदी गेटला चिकटून. तिसऱ्या मजल्यावरच्या दळवी आजींच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा अँब्युलन्स वळेचना. पुढे घे, मागे घे... शेवटी आम्ही आजींना स्ट्रेचरवरून रस्त्यापर्यंत नेलं.

आजी मात्र डोळे मिटल्या मिटल्या म्हणाल्या, "मेल्यांनो, आधी त्या खोक्याला अ‍ॅडमिट करा!"

आजी बऱ्या होऊन परतल्या. पण त्या दिवसापासून कुठेही सायरन वाजला की माझी नजर केबिनकडे जायची.

*

मीटिंगमध्ये केबिन हलवायची यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुठे ठेवायची यावर नाही. माझ्या खिडकीखाली नको, माझ्या पार्किंगजवळ नको. पहिल्या मजल्यावरचे मेहताभाई म्हणाले, "ईशान कोपऱ्यात वजन नको हां, वास्तुदोष!"

आमचे चेअरमन परबकाका मूळचे रत्नागिरीचे, आवाज खणखणीत. ते वैतागले. "मग काय गच्चीवर ठेवू?"

मेहताभाईंनी गंभीरपणे विचारलं, "लिफ्टमां मावेल?"

*

अखेर मागच्या भिंतीजवळची जागा ठरली. वरसावेहून क्रेन मागवली. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून ती दुपारी उगवली. ड्रायव्हर उतरला, गेट बघितलं, डोकं खाजवलं.

"क्रेन अंदर नहीं आयेगी."

"का?"

"बीच में केबिन है ना!"

*

या सगळ्यात आमचा वॉचमन यादव गप्प गप्प झाला होता. बारा वर्षं त्या केबिनमध्ये बसणारा माणूस, आता आत टेकेचना. गेटपाशी येरझाऱ्या घालायचा. बॅग भरून दाराशी ठेवलेली. डबा तसाच परत.

मी विचारलं, "क्या हुआ यादव?"

"साब, सच बोलना. केबिन हटा रहे हो, कि मेरे को?"

त्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, हल्ली कॅमेरा आणि ऑटोमॅटिक गेट मिळतं. विषय तिथेच संपला होता, पण ते याच्या कानावर गेलं होतं. मी "सिर्फ केबिन" म्हणालो खरा, पण वर आल्यावर मलाच जेवण जाईना. तसाच उठून परबकाकांकडे गेलो.

काका बनियनवरच खाली उतरले. "यादव, मी चेअरमन हाय तोपर्यंत तू हायस. समझा? बॅग आत ठेव."

"जी," यादव म्हणाला. बॅग हलली नाही.

*

रविवारी सकाळी आम्हीच कंबर कसली. केबिनला तळ नव्हता. नुसता पत्र्याचा सांगाडा फरशीवर उभा. बोल्ट काढले, खालून दोन बांबू सारले. मेहताभाईसुद्धा बनियनवर हजर! परबकाका ओरडले, "यादवला बोलवा, तो पण हात लावेल."

यादव कुठेच नाही. गेटवर नाही, पंपरूममध्ये नाही. बॅगही गायब.

"गेला की काय?" मेहताभाई पुटपुटले.

तेवढ्यात केबिनच्या आतून आवाज आला, "उठाओ साब."

बॅग खांद्यावर, एक हात दाराच्या चौकटीला घट्ट. यादव आत उभा होता.

"अरे, बाहेर ये!" परबकाका म्हणाले.

"नहीं साब. उठाओ."

परबकाकांनी मान हलवली आणि आम्ही उचललं. केबिन वीतभर वर, खाली यादवच्या चपला दिसतायत, आमच्या पावलाला पाऊल मिळवत चालतायत. खिडक्या-गॅलऱ्यांतून सगळी बिल्डिंग बघतेय.

पार्किंगच्या मध्यावर असताना त्याचा मोबाईल वाजला. गावाहून बायको.

आतून यादवचा आवाज आला, "हां, ड्यूटी पे हूं. और कहां? केबिन में ही हूं!"