मांडणीवरची भांडी

भूकंपानंतर आम्ही घरोघर जाऊन काय पडलं, काय हललं ते विचारत होतो. हादरा कुठे किती होता, ते त्यावरूनच ठरतं. एका घरात भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता, पण मांडणीवर पितळेची भांडी नीट लावलेली होती.

“पडली होती सगळी,” घरातली बाई म्हणाली. “तुम्ही येणार म्हणून लावली.” मग तिनं विचारलं, “पुन्हा होईल का, साहेब?”

शेतातली भेग मी सकाळीच मोजली होती. जमीन कुठून कुठे सरकली ते सांगू शकलो असतो. पण आमचं शास्त्र मागाहूनच पोचतं, सुतकात भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसारखं.

“सांगता येत नाही, मावशी.”

ती उठली आणि एकेक भांडं काढून जमिनीवर ठेवू लागली.