सुनंदाताईंचं शेततळं आणि पाइपची उंची

जेसीबी बंद करून ड्रायव्हर आंब्याखाली जाऊन बसला होता. आणि जिथे खोदायचं होतं तिथे, मी फक्कीने आखलेल्या चौकोनाच्या मधोमध, किसनभाऊ मांडी घालून बसले होते. बाजूला सुनंदाताई कमरेला पदर खोचून उभ्या. दोघं चुलत दीर-भावजय. आपसातलं बोलणं बंद झालेलं, त्यामुळे जे काही सुनावायचं ते दोघंही मलाच सुनावत होते.

मी कृषी खात्यात पर्यवेक्षक आहे. राहते ठाकुर्लीला आणि काम कल्याण तालुक्यातल्या गावांत. सोसायटीतल्या बायका विचारतात, इथे आता कसली शेती, सगळीकडे टॉवर. त्यांनी एकदा खडवलीला उतरून रिक्षाने आत यावं. भाताची खाचरं आहेत, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेली छोटी शेतं, उतारावर एकाखाली एक. पावसाळ्यात पाणी इतकं की बांध फुटतात, आणि जानेवारीनंतर भेंडीला घालायलाही मिळत नाही. यावर उपाय शेततळं. मोठा खड्डा खणायचा, आत जाड प्लॅस्टिक अंथरायचं, पावसाचं पाणी साठवायचं. खर्चातला काही वाटा शेतकऱ्याचा, काही सरकारचा. शेतकऱ्याने आधी काम करायचं, आम्ही तपासायचं, मग सरकारचा वाटा त्याच्या खात्यात जमा होतो. मंजुरीला मुदत असते. सुनंदाताईंची मुदत पावसाच्या तोंडावर संपत होती.

त्यांचे यजमान डोंबिवलीला कंपनीत. शेती सगळी ताईंच्या अंगावर. गावात प्लॉटवाले फिरत होते आणि घरात ठरलेलं होतं की या वर्षी पाण्याची सोय झाली तर शेती, नाही तर जमीन प्लॉटवाल्याला. म्हणजे तो खड्डा झाला नसता तर तिथे वर्षभरात कोणाचा तरी स्विमिंग पूल झाला असता.

किसनभाऊंचं म्हणणं मात्र चुकीचं नव्हतं. त्यांचं खाचर ताईंच्या खाली. आमच्या या पट्ट्यात वरच्या खाचराच्या बांधाला एक तोंड ठेवतात, त्यातून पाणी खालच्याकडे जातं, तिथून आणखी खाली. भाताची लावणी, ज्याला इथे आवणी म्हणतात, ती सगळ्यांची उरकेपर्यंत ते तोंड कोणी बुजवत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण सख्ख्या भावांची भांडणं असली तरी हा रिवाज मोडत नाहीत. आणि आमचं ड्रॉइंग म्हणत होतं की तळं शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात घ्या, पाणी आपोआप येईल. तो कोपरा म्हणजे नेमकी त्या तोंडाची जागा. घाटावर, जिथे शेताखाली माळ असतो, तिथे हे ड्रॉइंग एकदम बरोबर आहे. इथे शेताखाली किसनभाऊ होते.

मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, वाद असेल तर फाइल बंद करा, दुसरा लाभार्थी घ्या, सुंठीवाचून खोकला जाईल. मला राग आला. लाभार्थी म्हणजे काय बाटलीचं झाकण आहे, एक हरवलं तर दुसरं लावायला? मी म्हटलं, तळं त्याच गट नंबरच्या जमिनीत, त्याच मापाचं राहील, फक्त कोपऱ्यातून बाजूला सरकेल. जागेवर आखणी करून देणं हे माझंच काम आहे.

"उद्या तक्रार आली तर?" साहेबांनी विचारलं.

"तर माझं नाव सांगा."

साहेबांनी फोन ठेवला. नाही म्हणाले नव्हते, मला तेवढं पुरे होतं.

मग मी किसनभाऊंसमोर मातीतच बसले आणि काडीने रेघा ओढून समजावलं. तोंड जिथे आहे तिथेच राहील. तळं बाजूला होईल. खाचरातून तळ्यात एक पाइप जाईल, पण तो तोंडापेक्षा वरच्या उंचीवर बसेल. पाऊस बेताचा असेल तेव्हा सगळं पाणी तोंडातून तुमच्याकडे येईल. पाऊस तुफान झाला, तोंडाला पेलेनासं झालं, की खाचरात पाणी चढेल आणि तो जादा भाग तळ्यात जाईल. कोणी उघडायला नको, कोणी राखण करायला नको.

किसनभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमची बदली होल. मना इथंच ऱ्हावाचा हाय."

खरंच होतं. मी जाणार, पाइप कोणीही कधीही खाली सरकवणार. तेव्हा मला जे सुचलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. मी म्हटलं, भाऊ, पाइप किती उंच बसवायचा ते तुम्ही ठरवा. तुम्हीच बसवा, भोवती सिमेंटही तुमच्याच हाताने लावा.

माझ्या हिशेबाने तोंडाच्या वर चार बोटं पुरेशी होती. किसनभाऊंनी पंजा ताणून चांगली वीतभर उंची धरली आणि पाइप तिथे पक्का केला. सुनंदाताई माझ्यावर उखडल्या. एवढ्या वर पाणी चढायला महापूर यायला हवा, त्यापेक्षा मला खड्डाच नको, म्हणाल्या. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, ताई, जुलैत तुमचे बांध वाहून जातात, तिथे वीत म्हणजे काहीच नाही. पाऊस दोघांनाही पुरेल. विश्वास आत्ता कमी आहे, तो आधी भरू दे.

मुदतीच्या आत तळं झालं. जून आणि अर्धा जुलै पाऊस रिमझिमच पडला. किसनभाऊंची आवणी मजेत उरकली आणि ताईंच्या तळ्यात बेडूक तेवढे जमले. साहेबांनी फोन करून विचारलं, मॅडम, तळं की खड्डा? मी म्हटलं, साहेब, घोडामैदान जवळच आहे. जुलैअखेर एकदाचा धुवाधार लागला आणि पाइप असा धो धो वाहिला की ताईंनी मला व्हिडिओ पाठवला. त्यात पाणी कमी आणि त्यांचं हसणंच जास्त ऐकू येत होतं. तपासणी झाली, अनुदानही आलं. प्लॉटवाल्याला यजमानांनी स्वतः फोन करून नाही सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण त्याच वर्षी भात निसवायच्या वेळी, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, पाऊस गायब झाला. त्या दिवसांत ओल नसेल तर दाणा भरत नाही, नुसती पोकळ पळंजं हाती येतात. सुनंदाताईंचा ऑफिसात फोन आला.

"मॅडम, तळ्यातलं पाणी दुसऱ्याच्या शेतात सोडलं तर चालतं का?"

"कोणाच्या?"

"भावजींच्या. ते मागणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणून मीच पंप लावते."

मी म्हटलं, तुमच्या भेंडीला कमी पडेल. त्या म्हणाल्या, मग अर्धीच लावीन. मला बसल्या जागी भरून आलं, उगाच लपवत नाही. नियम शोधायच्या भानगडीत न पडता मी सांगितलं, चालतं.

किसनभाऊंचं भात भरलं. ताईंनी भेंडी खरंच अर्धी लावली, आणि ती मार्चपर्यंत तोडली.

पुढच्या वर्षी किसनभाऊ स्वतः शेततळ्याचा अर्ज घेऊन कल्याणला आले. मी साइटची तारीख दिली. उठता उठता म्हणाले, "पाइप मीच बसवीन. आता मना समजतंय सगळा."

"नाही भाऊ. पाइप तुमच्या खालचा शेतवाला बसवेल."

ते पुन्हा खुर्चीत बसले. "तो वीतभर मागल."

"तुम्ही किती मागितलं होतं?"

किसनभाऊ हसले आणि खालच्या शेतवाल्याचा नंबर मला लिहून दिला.

तेव्हापासून कुठलंही तळं आखायचं असलं की मी अर्जदाराच्या आधी खालच्या शेतवाल्याला फोन करते. खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात असं लिहिलेलं नाही. वेळ जास्त जातो आणि चहा दोन घरी प्यावा लागतो. पण माझ्या हातचं एकही तळं अजून कोर्टात गेलेलं नाही.