घर सोडून सगळी मुंबई

मुलाच्या आईचा फोन आला तेव्हा मी नारळाच्या वड्या थापत होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही त्यांचं घर बघायला जाणार होतो. मुलगा आमच्याकडे येऊन पोहे खाऊन गेला होता, मुलगी पसंत असल्याचा निरोप आला होता. आता रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी घर बघून यायचं, मग बैठक, मग साखरपुडा. सगळं सरळ चाललंय असं वाटत होतं.

"अहो, मला एक मस्त आयडिया सुचलीय," त्या म्हणाल्या. "नुसतं घर काय बघायचं? घर कुठे पळून जातंय? तुम्ही एवढ्या लांबून येताय, तर मुंबई बघा ना! फॉरेनर लोक घेतात तशी प्रायव्हेट टूर बुक केलीय तुमच्यासाठी. गाडी, गाइड, बोटीतून हार्बर, सगळं. आमच्याकडून भेट समजा."

भिवंडीहून मुंबई म्हणजे एवढ्या लांबून! जशी काही आमची वरात लडाखहून निघणार होती. माझे मामा परळला राहायचे. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी मुंबईत काढल्या, लग्नाचा शालू दादरला घेतला, आणि आता मला गेटवे दाखवायला गाइड.

"आणि घर?" मी विचारलं.

"बघू ना. टूर झाली की कळवते."

ही बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. आमच्या भिवंडीतल्या नारपोलीच्या घरात बसून तिनं विचारलं होतं, "हा लूमचा आवाज रात्रभर असतो? झोप लागते तुम्हाला?" हिच्या चार पिढ्या गिरगावातल्या चाळीत एका खोलीत गेल्या. बिल्डरनं चाळ पाडून टॉवर बांधला, त्यात हिला फ्लॅट मिळाला, आणि ही एकदम समुद्र दिसणाऱ्यांतली झाली. नाकापेक्षा मोती जड. माझी मुलगी भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे म्हटल्यावर हिनं चहाचा कप खाली ठेवला. "गोडाऊनमध्ये? म्हणजे नक्की काय करते?"

"डिस्पॅच बघते," मुलगी म्हणाली. "माझ्या सहीशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही."

यावर मुलगा हसला होता. चेष्टेनं नाही, कौतुकानं. निळा शर्ट घातला होता त्यानं, इस्त्रीचा. त्या हसण्यावर माझी मुलगी भाळली, हे मला त्याच क्षणी कळलं. पुढचे पंधरा दिवस ती शिफ्टवरून आली की गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची आणि खाली येताना चेहरा मुद्दाम गंभीर करायची. तिच्यासाठी तीन वर्षं स्थळं बघत होतो. पत्रिका जुळायची, शिक्षण जुळायचं, आणि पत्ता भिवंडी म्हटला की समोरचा फोन थंड पडायचा. यानं मात्र पत्ता ऐकूनही हसून दाखवलं होतं. म्हणून मी जीभ आवरली आणि "बरं" म्हटलं.

रविवारी सकाळी कळलं की टूरची गाडी भिवंडीत येणार नाही. रस्ते खराब आहेत, गाडी नवी आहे, तुम्ही कशेळीचा पूल ओलांडून या. म्हणजे पाहुणचार पुलापलीकडून सुरू. आम्ही तिघं रिक्षात बसलो, मांडीवर वड्यांचा डबा. ट्रकांच्या मधून वाट काढत निघालो. ह्यांनी पांढरा शर्ट घातला होता, तो पुलावर पोचेपर्यंत मातकट झाला.

पुलापलीकडे गाइड उभा होता. टोपी, गॉगल, आणि छातीशी आमचं आडनाव छापलेला कागद. विमानतळावर उभे राहतात तसा. आजूबाजूला आम्हा तिघांशिवाय एक भाजीवाला आणि दोन कुत्री होती, तरी त्यानं कागद खाली केला नाही. "वेलकम टू मुंबई!" म्हणाला. ठाण्याच्या बाळकुमला उभं राहून!

मुलगा येणार होता, आला नाही. मुलीच्या फोनवर मेसेज होता, ऑफिसात अर्जंट काम निघालंय, जमत नाहीये, एन्जॉय कर. रविवारी कसलं ऑफिस, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं, म्हणून गिळलं.

गाइडच गाडी चालवत होता आणि बोलतही होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसं ते बोलणं. कुठलीही जुनी इमारत आली की "ब्रिटिश टाइम की है" म्हणायचा आणि किती जुनी असं विचारलं की "बहुत जुनी" म्हणायचा. राजाबाई टॉवरसमोर त्यानं सांगितलं की इथून पूर्वी लोक समुद्रात उड्या मारायचे. त्या टॉवरपासून समुद्रापर्यंत उडी मारायची तर माणसाला पंख हवेत. आमचे हे मात्र हरखले होते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता कुणीतरी त्यांना शिकवतंय याचाच आनंद. गाइड "इकडे बघा" म्हणाला की इकडे, "तिकडे" म्हणाला की तिकडे, आणि प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ. गाडीत मिळालेली पाण्याची बाटलीसुद्धा त्यांनी पिशवीत जपून ठेवली.

"अहो, पाणी आहे ते," मी म्हटलं, "प्रसाद नाही."

"असू दे गं. प्रेमानं दिलंय त्यांनी."

प्रेमानं! मी डबा मांडीवर घट्ट धरला. तो डबा गाडीत ठेवा असं गाइड दोनदा म्हणाला, पण उन्हानं वड्या पाघळल्या असत्या. म्हणून गेटवेसमोर फोटो काढला तेव्हाही डबा माझ्या हातात आहे. त्या फोटोत मी नारळाच्या वड्या विकायला आल्यासारखी दिसते.

मग लाँच. बंदरात बोट फिरवून आणतात ती. वारा छान होता, हे मी नाकारत नाही. दूर पलीकडच्या किनाऱ्यावर मालाच्या क्रेन दिसत होत्या आणि डब्यांच्या चळती लादलेलं एक जहाज चाललं होतं. गाइड म्हणाला, "ये देखो कंटेनर. पूरी दुनिया का माल. इधर से किधर किधर जाता है, कोई नहीं जानता."

"मी जाणते," माझी मुलगी म्हणाली. "आमच्या वडप्याला येतो."

दिवसभरात ती पहिल्यांदा मोकळी हसली. तिनं त्या जहाजाचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. खाली लिहिलं, 'उद्या हे माझ्या गेटवर.' मी बाजूलाच बसले होते, दिसलं. उत्तर आलं नाही. ती फोन उलटा करून ठेवायची, सरळ करून बघायची, परत उलटा ठेवायची.

"भिवंडी में देखने का क्या है वैसे?" गाइडनं विचारलं.

"तुमच्या अंगावरचा शर्ट," मी म्हटलं. "कापड आमच्याकडेच विणलेलं असणार."

त्यानं आपल्या शर्टाकडे बघितलं आणि मला जरा बरं वाटलं. खरंच, काय ही मुंबई! हिचा माल ठेवायला आमची भातशेतं बुजवली, हिच्या कंटेनरनी आमचे रस्ते खाल्ले. मुलांना शाळेत पोचवायचं तर दोन ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून न्यायचं. हिचं कोठीघर आम्ही, आणि नाकाला रुमाल लावणार ही!

जेवण कुठल्याशा हॉटेलात आधीच सांगून ठेवलेलं होतं. जेवून चौपाटीला आलो, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आई, त्यांचं घर इथून चालत आहे."

मी मुलाच्या आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेच. आम्ही गाडीत बसलो आणि गाइडचा फोन वाजला. त्याचा फोन गाडीला जोडलेला होता. त्याच्या ते ध्यानात यायच्या आत गोड आवाज अख्ख्या गाडीत पसरला.

"कुठे पोचलात? चौपाटी? एवढ्यात? हे बघा, इकडे अजिबात आणू नका हं. हँगिंग गार्डनला न्या, समोरच्या बागेतला म्हातारीचा बूट दाखवा, संध्याकाळपर्यंत फिरवा आणि परस्पर कशेळीला सोडा. इकडे ती मंडळी अजून बसलीयत."

गाइडनं घाईघाईनं फोन बंद केला. "तो... नेक्स्ट पॉइंट म्हातारी का बूट."

ह्यांनी व्हिडिओसाठी वर केलेला फोन खाली घेतला. मला कळलं होतं, पण मुलीला कळू नये असं वाटत होतं. कळू नये म्हणजे काय, तिच्याही कानांनी तेच ऐकलं होतं.

"गाडी वळवा," मुलगी म्हणाली. "पत्ता मी सांगते."

"मॅडम ने मना किया है."

"वळवा म्हटलं ना." हा तिचा गेटवरचा आवाज असणार. मी घरात कधी ऐकला नव्हता. गाडी वळली.

टॉवर चांगला उंच होता. लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात मुलीनं केस नीट केले आणि मग कशासाठी नीट करतोय असं वाटून हात खाली घेतला. दार उघडंच होतं. बाहेर चपलांची रांग होती. पुरुषी बुटांचा एक जोड, एक जाड पट्ट्याची बायकी चप्पल आणि एक नवी कोरी, टाचेची, नाजूक.

आत सोफ्यावर एक मुलगी साडी नेसून बसली होती, शेजारी तिचे आईवडील. तेही घर बघायला आले होते. आमचाच रविवार, आमचीच रीत, आमच्या जागी. आणि समोर मुलगा हातात पोह्यांचा ट्रे घेऊन उभा होता. तोच निळा शर्ट, तसाच इस्त्रीचा.

मुलाची आई उठली. दोन्ही डगरींवर हात ठेवलेलं माणूस पकडलं गेलं की कसं दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. पण सावरली लगेच. "अय्या, तुम्ही! या ना, या," म्हणाली आणि सोफ्याकडे वळून, "हे आमचे भिवंडीचे ओळखीचे. मुंबई बघायला आलेत."

ओळखीचे.

दिवसभर टकळी चालवणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एवढं बोलायचं होतं, साठवून ठेवलेलं, जन्मभर पुरेल एवढं. बडा घर पोकळ वासा, एवढं तरी म्हणायचं! डबा हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. संताप तर होताच, पण त्याहून मोठी लाज होती. ती लाज त्यांची होती. मला का वाटत होती, देव जाणे.

माझी मुलगी दोन पावलं पुढे झाली. मुलाकडे तिनं बघितलं, पण बोलली ती सोफ्यावरच्या मुलीशी, आणि तेही चांगल्या शब्दांत.

"घर बघून झालं की मुंबईही बघून घ्या. खाली गाडी उभी आहे, गाइडसकट. संध्याकाळपर्यंत बुक आहे. फक्त म्हातारीचा बूट राहिलाय."

मुलानं ट्रे खाली ठेवला नाही. तेवढं जरी केलं असतं तरी मी त्याला अर्धं माफ केलं असतं.

आम्ही ठाण्यापर्यंत टॅक्सी केली, पुढे रिक्षा. गाइडला खाली काहीतरी सांगावं असं ह्यांना वाटत होतं, मी हाताला धरून ओढलं. कशेळीच्या पुलावर रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, खाली खाडीचा वास. "जाम हाय ताई," रिक्षावाला म्हणाला, "लवकर हलनार न्हाय." त्यानं इंजिन बंद केलं आणि माझी मुलगी रडायला लागली. ओंजळीत तोंड झाकून, खांदे हलवून, लहानपणी रडायची तशी. हॉर्न एवढे वाजत होते की रडणं आमच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्या बाईचा गळा दाबावासा वाटत होता, त्या ट्रेवाल्या बुळ्याचा तर आधी. आणि खरं सांगायचं तर मलाही रडू येत होतं. त्या निळ्या शर्टावर मीसुद्धा विश्वास ठेवला होता.

सोमवारी सकाळी मुलीची पहिली शिफ्ट होती. ती दारात बसून बूट घालत होती तेव्हा फोन वाजला. मी उचलला, स्पीकरवर टाकला. तोच गोड आवाज.

"काल जरा गडबड झाली हं. गैरसमज करून घेऊ नका. आमचं अजून काही फायनल नाही. तुमच्या मुलीचाही विचार चालूच आहे आमचा."

आता मात्र माझी जीभ परत आली होती. मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. हो, ह्यांनीच, ज्यांनी ती पाण्याची बाटली जपून घरी आणली होती.

"आम्ही घर बघितलं," हे म्हणाले. वर्गात हजेरी घेताना असायचा तसा आवाज, चढा नाही, पडका नाही. "आम्हाला पसंत नाही."

आणि फोन ठेवून दिला.

मी मुलीकडे बघितलं. मला वाटलं ती हसेल, किंवा निदान मान हलवेल. ती एका बुटाची नाडी हातात धरून बसली होती.

"त्याच्या आईचाच होता ना फोन?" तिनं विचारलं. "त्याचा नव्हता?"

"नाही गं," हे म्हणाले. "त्याचा नव्हता."

तिनं नाडी बांधली, आपला जेवणाचा डबा उचलला आणि ड्युटीला गेली.