विहिरीत शिकलेला माणूस

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आईला सांगेन सांगेन म्हणत राहिलो, आता आई नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत इतकी वर्षं काढली — आज तुमच्यासमोर उघडतोय, आत काय आहे ते पुरतं माहीत असूनही.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक पदक लटकतं. कुमाऊंतल्या ट्रायथलॉनचं — आधी तलावात पोहायचं, मग सायकलवर घाट चढायचा, मग देवदारांतून धावायचं. पाहुणे विचारतात, तेव्हा बायको कौतुकाने सांगते की यानं सरावात एकीला बुडताना वाचवलंसुद्धा. मी चहाचं बघायला आत जातो.

ती एक म्हणजे नसीमताई. फरीदाबादच्या आमच्याच सोसायटीतल्या, मूळच्या सांगलीकडच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त व्हायला आलेल्या. ट्रायथलॉनच्या सरावाच्या आमच्या गटात मराठी आम्ही दोघंच. पहाटे अरावलीच्या रस्त्यावर सायकल, संध्याकाळी सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये पोहणं. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, असं त्या हसत म्हणायच्या — पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, एवढं मला कळत होतं. तेव्हाही कळत होतं.

आमच्या कोचचा एक नियम होता. उघड्या पाण्याची सवय नसेल, त्यानं आधी काठाकाठानं, नावेच्या जवळ राहून सराव करायचा. मगच जोडीनं मध्यात जायचं. साधा नियम, जीव वाचवणारा. मी म्हणालो, मला गरज नाही, मी गावच्या विहिरीत शिकलोय, पाठीला डबा बांधून.

खरं सांगू? विहिरीत माझे बाबा शिकले. मी दिल्लीत जन्मलो, आणि पाय टेकतील तिथेच पोहलो. पण गावापासून दूर राहिलं की गावाच्या गोष्टी आपल्याच वाटायला लागतात ना? आणि दिल्लीत माझी विहीर तपासायला येणार कोण? नसीमताईंनी तेवढं विचारलं, "अच्छा? कुठली रे विहीर?" मी विषय बदलला. त्या खरोखरच विहिरीत शिकलेल्या होत्या. कोचनं आमची जोडी लावून दिली.

शर्यतीआधी आमचा गट कुमाऊंला सरावाला गेला, त्या सकाळचा तलाव मी कसा सांगू? धुकं पाण्यावर टेकलेलं, वर डोंगर, आणि तसेच डोंगर पाण्यातही उलटे उभे. आवाज नाही. इतकं मोठं, इतकं शांत काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कमरेला बांधलेले केशरी फुगे मागे ओढत आम्ही दोघं मध्यापर्यंत गेलो, आणि मी खाली पाहिलं. तळ नव्हता. नुसता काळपट हिरवा अंधार. थंडीनं छाती आवळली, श्वास बाहेर जाईना — आणि मी काय केलं?

मी नसीमताईंना धरलं. खांद्यांवर दोन्ही हात ठेवून त्यांना खाली दाबलं, मला वर राहता यावं म्हणून. चुकून नाही. हाताखाली माणूस आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी दाबत राहिलो.

त्या खालून निसटल्या. लांब जाता आलं असतं त्यांना. त्या परत आल्या. मागून येऊन मला उताणं केलं, त्यांचा फुगा माझ्या मानेखाली सरकवला. खोकत, धापा टाकत म्हणाल्या, "पाय सोड. वर आभाळ बघ." मी बघितलं. धुकं फाटत होतं, एका शिखरावर ऊन आलं होतं. त्या क्षणी मला वाटलं, मी देवाच्या हातावर निजलोय. हात नसीमताईंचे होते.

नाव आली तेव्हा दिसलं ते असं — मी शांत तरंगतोय, आणि त्या नाकातोंडात पाणी जाऊन खोकताहेत. कोचनं विचारलं, "हुआ क्या?"

मी म्हणालो, "दीदी घबरा गई थीं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काहीही बोलल्या नाहीत. सरावात जो घाबरेल त्यानं शर्यतीत उतरायचं नाही, हाही नियमच होता. मला तो ठाऊक होता. त्या थांबल्या, मी उतरलो. भीती वाटली की उताणा होत, आभाळ बघत मी तो तलाव पार केला — त्यांनी शिकवलं तसंच. काठावर त्या टाळ्या वाजवत होत्या. इथल्या मराठी मंडळानं मला शाल-नारळ दिला, तेव्हाही त्या पुढच्या रांगेत होत्या.

का बोलल्या नाहीत? कितीदा विचार केला. त्या तलावाचा तळ मला दिसला नाही, तसंच हे. फक्त एवढं कळतं की माझ्यासारख्या माणसाला आत सामावून घेऊन त्यांच्या चेहऱ्यावर एक तरंग उठला नाही.

त्यांना परत कधी शर्यत जमली नाही. आता गुडघ्यांवर पट्टे बांधून त्या सोसायटीच्या पुलात मुलांना शिकवतात. परवा माझी मुलगी त्यांच्या हातांवर उताणी तरंगत होती आणि मी काठावर उभा होतो. तिनं तिथूनच विचारलं, "बाबा, तुला असं तरंगायला कुणी शिकवलं?"

नसीमताई मान वर न करता तिची पाठ सावरत होत्या.

मी म्हणालो, "विहिरीत शिकलो गं, गावच्या."

घाबरलो मी होतो. त्या नाही.